दोन विमानांमधला मुक्काम

परदेशाहून नागपुरास निघालेलें एखादें कुटुंब पहाटे मुंबईच्या विमानतळावर उतरतें, आणि पुढचें विमान तिसऱ्या प्रहरीं असतें. मधला वेळ बाकावर बसून, घड्याळाकडे पाहून आणि मुलांना दटावून कसाबसा काढला जातो. हाच वेळ सिंगापुरास मिळाला असता तर, उष्ण कटिबंधांतील एका बेटावर पाय ठेवला आहे, तें पाहिल्यावांचून कसें जावें, असें म्हणून तेंच कुटुंब उत्साहानें बाहेर पडलें असतें. मुंबईचा विमानतळहि तशाच एका बेटावर आहे, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

त्या बेटाचें नांव साष्टी. त्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, ईशान्येस उल्हास नदी आणि पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. सहासष्ट गांवांचें तें साष्टी, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात. १५३४ सालीं पोर्तुगीजांनीं, १७३७ सालीं मराठ्यांनीं आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं तें घेतलें. १८४५ सालीं माहीमची खाडी बांधरस्त्यानें ओलांडली गेली; पुढें पूल आणि भराव वाढत जाऊन दक्षिणेचें मुंबई बेट साष्टीशीं एकजीव झालें. पाणी दिसेनासें झालें, आणि त्याबरोबर बेटाची जाणीवहि गेली.

बाहेर पडावें कीं नाहीं, हें ठरवितांना वेळ शेवटाकडून मोजावा. विमान पहाटे सहाला उतरलें आणि पुढचें दुपारीं तीनला सुटणार असेल, तर हातीं नऊ तास आहेत असें वाटतें. परंतु परदेशांतून आलेल्या प्रवाशाला पुढें देशांतच जावयाचें असलें तरी पासपोर्टची तपासणी मुंबईस होते. सामानहि येथेंच सोडवून पुन्हां सुपूर्द करावें लागतें. त्यांत दीड तास सहज जातो. विमान सुटण्यापूर्वीं दोन तास, म्हणजे एकला, दारांत परत असावें. उरले साडेपांच तास. खरा मुक्काम तेवढाच. तिकीट आणि ओळखपत्र दाखविल्यावांचून दारावरचे पहारेकरी आंत सोडीत नाहींत, म्हणून तीं जवळ बाळगावीं. परदेशी पासपोर्ट असलेल्यास व्हिसा किंवा ओ.सी.आय. कार्ड नसेल तर बाहेर पडतांच येत नाहीं. पुढचें विमान कोठून सुटतें हेंहि तिकिटावर नीट पाहावें. मुंबईच्या विमानतळाच्या दोन इमारती एकमेकींपासून दूर आहेत, आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ तर खाडीपलीकडे मुख्यभूमीवर आहे. तेथून निघावयाचें असल्यास मधला वेळ बहुधा रस्त्यांतच खर्च होतो.

मधला वेळ चार तासांहून कमी असेल तर बाहेर पडूंच नये. २०१४ सालीं सुरू झालेल्या दुसऱ्या इमारतींत भारतीय शिल्पें, कोरीव काम आणि चित्रें यांचा मोठा संग्रह भिंतींवर मांडला आहे. घाईचे प्रवासी त्याच्यासमोरून न पाहतांच जातात. सहा तास असतील तर अंधेरीच्या पूर्वेस महाकालीचीं लेणीं आहेत. विमानतळापासून तीं कांहीं किलोमीटरांवरच आहेत. काळ्या खडकांत कोरलेलीं हीं १९ लेणीं असून त्यांतील एका लेण्यांत गोल दालनाच्या आंत दगडी स्तूप आहे.

वेळ याहून अधिक असल्यास, आणि वार सोमवार नसल्यास, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील कान्हेरीस जावें. तेथें शंभराहून अधिक लेणीं आहेत. पावसाळ्यांत भिक्षूंनीं भ्रमण थांबवून एके ठिकाणीं राहावें असा बौद्ध संघाचा नियम होता. डोंगरांत कोरलेल्या खोल्या आणि त्यांच्याजवळचीं पाण्याचीं टाकीं पाहतांना त्या नियमाचा अर्थ उलगडतो. कल्याण आणि सोपारा येथील व्यापाऱ्यांनीं दिलेल्या दानांचे शिलालेख तेथें आहेत. त्या व्यापाऱ्यांचीं गलबतें वारा फिरेपर्यंत बंदरांत महिनेच्या महिने थांबत. खोळंबा हा विमानांबरोबर आलेला नाहीं. तो येथें फार जुना आहे.

परंतु ज्यांचीं माणसें ठाण्यास आहेत, त्यांच्यापुढें प्रश्न निराळाच असतो. समजा, आजी माजिवड्यास राहते. विमानतळाहून माजिवडा सुमारें २५ किलोमीटर. रस्ता पवईच्या तलावावरून पूर्व द्रुतगती महामार्गास मिळतो आणि उत्तरेस जातो. माजिवड्याच्या नाक्याशीं तो घोडबंदर रस्त्यास भेटतो. तेथून पश्चिमेस येऊरचे डोंगर दिसतात, पूर्वेस खाडी आहे, आणि नाशिककडे जाणारा रस्ता खाडी ओलांडून बेट सोडतो. साष्टीचा कांठ म्हणतात तो हाच. वरील हिशेबानें साडेसातला निघालेलें कुटुंब नऊपर्यंत आजीच्या दारीं पोहोंचेल आणि अकराला निघेल. मिळाले दोन तास. तेवढ्यासाठीं एवढी धांवपळ कशाला, असें कोणी म्हणेल. पण लेणीं दोन हजार वर्षें थांबलीं आहेत, तीं पुढच्या खेपेसहि तेथेंच असतील. आजीविषयीं तसें म्हणतां येत नाहीं.

या भेटींत पाहुणचाराचा मात्र मोह टाळावा. जेवणाचा घाट घातला कीं दोन तासांचे चार होतात. आजीला विमानतळावर बोलावणेंहि बरें नव्हे. तिकिटावांचून तिला आंत येतां येत नाहीं, आणि भेट दाराबाहेरच्या गर्दींत उरकावी लागते. परततांना घोडबंदर रस्ता तुंबलेला दिसला तर मोटार सोडून ठाणें स्टेशन गांठावें. लोकलनें घाटकोपर, तेथून मेट्रोनें मरोळ नाका, आणि तेथें गाडी बदलून पुढच्याच स्थानकावर विमानतळाची दुसरी इमारत येते. सामान आधींच सुपूर्द केलेलें असल्यानें हात मोकळे असतात.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत या हिशेबांत आणखी एक तास राखून ठेवावा. पाऊस जोराचा असेल तर निघूंच नये. परदेशांतून येणारीं पुष्कळ विमानें मध्यरात्रीनंतर उतरतात. त्या वेळीं लेणीं बंद असतात, पण रस्ता मोकळा असतो आणि माजिवडा पाऊण-एक तासांत येतें. नातवंडें येणार असें आदल्या दिवशीं कळविलेलें असेल, तर त्या घरांतला दिवा पहाटे चारलाहि जळत असतो.