बोटासाठी पडदा, टेबलासाठी पडदा
(लेखमाला ‘पडद्यावरचा कारभार’ : लेख अकरावा)

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने महसूल खात्याचे एक जुने काम टेबलावरून उचलून बांधावर नेले. कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे हे गाव नमुना बारामध्ये पूर्वी तलाठी लिहीत असे. आता निफाड तालुक्यातला शेतकरी द्राक्षबागेत किंवा कांद्याच्या वावरात उभा राहून फोनवर गट क्रमांक निवडतो, पीक, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन भरतो, पिकाचा फोटो काढतो; फोटोबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. हे काम फोनचेच आहे. कॅमेरा, जीपीएस आणि खिशात मावण्याची सोय टेबलावरच्या कॉम्प्युटरला कुठून असणार? एका वेळी एकच प्रश्न, अंगठ्याला सापडेल असे मोठे बटण, मग पुढचा प्रश्न, ही मांडणी उन्हात उभ्या असलेल्या माणसाला बरोबर बसते. पण हीच नोंद पुढे तलाठ्याकडे (हल्लीचे नाव ग्राम महसूल अधिकारी) जाते तेव्हा प्रश्न बदलतो. त्याच्यासमोर एक गट नसतो, अख्खे गाव असते. कोणाची नोंद राहिली, कोणाचे क्षेत्र जुळत नाही, कोणाच्या खात्यात फेरफार झाला आहे हे त्याला एका नजरेत दिसायला हवे. पडदा कसा असावा हे यंत्रावरून ठरत नाही, कामावरून ठरते: एक नोंद करायची आहे, की शंभर नोंदी एकमेकींशी ताडून पाहायच्या आहेत? डेस्कटॉप बनवणाऱ्या कंपन्यांनी गेली पंधरा वर्षे ही दोन कामे एकत्र कालवली, आणि त्याचा त्रास शंभर नोंदी पाहणाऱ्याला जास्त झाला, असे माझे म्हणणे आहे.

या कालवाकालवीचा इतिहास फार जुना नाही. ॲपलने जुलै 2011 मध्ये आणलेल्या ‘लायन’मध्ये आयपॅडवरची ओळख मॅकवर आली: ॲपच्या चित्रांनी भरलेला पूर्ण पडदा, बोटाच्या दिशेने सरकणारे पान आणि गरज पडेपर्यंत अदृश्य राहणारी स्क्रोलपट्टी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उबुंटूने ‘युनिटी’ ही नवी मांडणी सर्वांसाठी लागू केली. फोन, टॅब्लेट आणि डेस्कटॉप यांना एकच चेहरा देण्याचे ते स्वप्न एप्रिल 2017 मध्ये त्यांनी स्वतःच गुंडाळले. सगळ्यात धाडसी उडी मायक्रोसॉफ्टची होती. 26 ऑक्टोबर 2012 रोजी विंडोज 8 बाजारात आले आणि 1995 पासून डाव्या कोपऱ्यात बसलेले स्टार्टचे बटण नाहीसे झाले. त्याच्या जागी रंगीत चौकोनांनी भरलेला पूर्ण पडदा आला. कॉम्प्युटर बंद करायचा तर माऊस उजव्या कोपऱ्यात नेऊन एक लपलेली पट्टी बाहेर काढायची, तिच्यात सेटिंग्ज, आणि सेटिंग्जमध्ये पॉवर. वर्षभरात, 17 ऑक्टोबर 2013 रोजी, 8.1 मध्ये बटण परत आले; जुलै 2015 मध्ये विंडोज 10 बरोबर मेनूही परतला. तरी ओढ संपली नाही. ऑक्टोबर 2021 च्या विंडोज 11 ने टास्कबारवरची चित्रे मधोमध आणली, उजव्या क्लिकचा मेनू आखूड करून उरलेले पर्याय ‘आणखी दाखवा’च्या मागे टाकले, आणि उघड्या खिडक्यांची नावे टास्कबारवर वेगवेगळी दाखवण्याची सोय काढून घेतली. ही शेवटची सोय 2023 मध्ये परत द्यावी लागली. एकाच वेळी चार एक्सेल फाइली उघड्या ठेवणाऱ्याला चार नावे दिसावी लागतात. एका हिरव्या चित्रावर त्याचे भागत नाही.

हे नुसते आवडीनिवडीचे भांडण नाही, त्यामागे मोजमाप आहे. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये दाखवून दिले की एखाद्या ठिकाणी हात पोहोचायला लागणारा वेळ त्या ठिकाणाच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. बोट जाड आहे, आणि टेकताना ते नेमके तेच झाकते जे बघायचे असते. म्हणून अँड्रॉइडसाठी गूगलची शिफारस अशी की दाबायची जागा साधारण 9 मिलिमीटर असावी. माऊसच्या बाणाला त्याच्या निम्मी जागाही पुरते. आता साधा हिशोब करा. 15.6 इंची लॅपटॉपचा पडदा साडेएकोणीस सेंटिमीटरच्या आसपास उंच असतो. वरखालच्या पट्ट्या वजा केल्या तर सोळा उरतात. बोटासाठी नऊ मिलिमीटरची ओळ धरली तर सतरा ओळी बसतात, माऊससाठी पाच मिलिमीटरची धरली तर बत्तीस. यंत्र तेच, पडदा तोच, दृष्टीच्या टप्प्यात मात्र निम्मा मजकूर. उरलेला निम्मा शोधायला सरकवावे लागते, सरकवताना आधीचे डोक्यात धरून ठेवावे लागते, आणि चुका तिथेच होतात. बरे, एवढी किंमत मोजून उभ्या पडद्यावर बोटाने काम होते का? हात पुढे धरून तासभर काम करणे शरीराला पेलत नाही, हे स्टीव्ह जॉब्ज यांनी ऑक्टोबर 2010 मध्येच जाहीरपणे सांगितले होते. गंमत अशी की मॅकला आयपॅडच्या वळणावर नेणारा ‘लायन’ त्यांनी दाखवला तो याच कार्यक्रमात.

दाट मजकूर म्हणजे गिचमिड, असे हल्लीच्या डिझाइनच्या जगात धरून चालतात. ते आपल्याकडच्या माणसाला पटवायचे असेल तर आधी सातबाऱ्याशी भांडावे लागेल. सातबारा हा महाराष्ट्रातला सर्वांत जास्त वाचला जाणारा दाट कागद असावा. वर नमुना सात: गट क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार, पोटखराबा, इतर हक्कातला बोजा, फेरफार क्रमांक. खाली नमुना बारा: वर्ष, हंगाम, पीक, जलसिंचनाचे साधन. मोकळी जागा जवळपास नाही, चित्र नाही, रंग नाही. तरी जेमतेम शिकलेला शेतकरी तो हातात घेतो आणि नेमक्या रकान्यावर बोट ठेवतो, कारण प्रत्येक गोष्ट ठरलेल्या जागी असते आणि सगळे एकदम समोर असते. बोजा उतरला का, हे पाहताना त्याला फेरफाराचा क्रमांकही त्याच नजरेत लागतो. हाच उतारा फोनच्या वळणाने मांडला, म्हणजे मालकाचे एक कार्ड, क्षेत्राचे दुसरे, इतर हक्कांसाठी बाण दाबा, तर प्रत्येक कार्ड देखणे दिसेल आणि जमिनीचा व्यवहार करणारा माणूस एक कार्ड उघडायचे विसरेल. ते बहुधा बोजाचेच असेल.

दुसरा पुरावा बाजारपेठेतला आहे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या कांद्याच्या दोन्ही मोठ्या बाजार समित्या निफाड तालुक्यात आहेत. लिलाव झाला, काट्यावर वजन झाले, की हिशोबपट्टी बनते: वजन, भाव, कपाती, देय रक्कम. आवक जोरात असते त्या दिवसांत हे काम किती वेगाने चालते हे वेगळे सांगायला नको. हिशोबाच्या अशा कामासाठी देशभरातल्या पेढ्यांवर जे सॉफ्टवेअर रुजले ते टॅली, आणि टॅलीची मांडणी फोनच्या अगदी उलट टोकाची आहे. पैसे देण्याची नोंद एफ 5, जमेची एफ 6, विक्रीची एफ 8, खरेदीची एफ 9. हात कीबोर्डवरून उचलायची गरजच नाही. 2020 च्या अखेरीस टॅलीचे नवे रूप आले, तेव्हा दिसणे सुधारले, शोधायची नवी सोय आली, पण व्हाउचरच्या या कळा जागेवरच राहिल्या. रोज शेकडो नोंदी करणाऱ्याच्या बोटांत काय मुरले आहे हे त्या कंपनीने ओळखले होते, असेच म्हणावे लागेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा सगळा सवयीचा प्रश्न, नवे आले की जुने लोक कुरकुरतातच. आक्षेप अर्धा खरा आहे. मायक्रोसॉफ्टनेच 2007 मध्ये वर्ड आणि एक्सेलमधले जुने मेनू काढून बटणांची रुंद पट्टी आणली, तेव्हाही भरपूर आरडाओरडा झाला होता. पण ती पट्टी टिकली, आजही आहे. पाच वर्षांनी त्याच कंपनीने विंडोज 8 आणले आणि वर्षभरात माघार घेतली. दोन्हीकडे माणसे तीच, सवय मोडण्याचे दुःख तेच. निकाल वेगळा का लागला? पट्टीने लपलेल्या गोष्टी वर आणल्या होत्या, विंडोज 8 ने उघड्या गोष्टी कोपऱ्यांत लपवल्या होत्या. सवय महिन्या-दोन महिन्यांत बदलते, दिसत नसलेली वस्तू मात्र रोज नव्याने शोधावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मागच्या पिढीने कॉम्प्युटर एमएस-सीआयटीच्या वर्गात, माऊस हातात धरून शिकला. आज कामाला लागणारी मुले फोनवर वाढलेली आहेत. त्यांना फोल्डर आणि फाइल ही भानगडच परकी वाटते, मग डेस्कटॉपने त्यांच्या ओळखीचे रूप का घेऊ नये? जरूर घ्यावे, पण कुठे, ते पाहून. नाव टाइप करून ॲप शोधणे, आपोआप जतन होणे, एकाच जागी सगळी सेटिंग्ज, झाकण उघडताच जागा होणारा लॅपटॉप, कॅमेरा वापरण्याआधी परवानगी विचारणे, या फोनकडून आलेल्या गोष्टी उत्तम आहेत आणि त्यांनी डेस्कटॉप सुधारलाच. तीन आडव्या रेघांच्या मागे सगळा मेनू लपवणे ही मात्र नवशिक्याची सोय नाही. नील्सन नॉर्मन ग्रुपने 2016 मध्ये केलेल्या पाहणीत डेस्कटॉपवर लपवलेल्या मेनूचा वापर उघड्या मेनूच्या जवळजवळ निम्म्यावर आला होता. फोनवर तो लपवावाच लागतो, तिथे जागा नाही; चोवीस इंची पडद्यावर ही अडचण उसनी कशाला आणायची? शिवाय सेवा केंद्रावरचा ऑपरेटर काही आठवडेच नवशिका असतो, नंतरची सारी वर्षे तो सराईत असतो. पहिल्या आठवड्याची सोय पाहून पुढच्या दहा वर्षांचा पडदा ठरवणे हा उलटा हिशोब आहे.

खर्चाचा मुद्दा उरतो. फोन आणि कॉम्प्युटर या दोघांसाठी वेगळे बनवायला पैसा लागतो, हे सरकारी खात्याला काय किंवा पतसंस्थेला काय, खरेच आहे. पण दोन वेगळी सॉफ्टवेअर लागतातच असे नाही. जीमेलमध्ये पत्रांच्या ओळी सैल ठेवायच्या की दाट, हे वापरणारा स्वतः ठरवतो. यंत्रणा एकच, दाटी दोन प्रकारची. निवड नसली की चूक दुसऱ्या बाजूनेही होते, हे इथे मान्य करायला हवे. टेबलासाठी रचलेली संकेतस्थळे फोनवर उघडणाऱ्याला विभाग, जिल्हा, तालुका, गाव अशा बारीक याद्यांतून आणि वाचता न येणाऱ्या कॅप्चामधून जावे लागते, आणि आजचा किमान, कमाल, सरासरी भाव एवढेच हवे असलेल्या शेतकऱ्यासमोर अख्खा तक्ता आडवा सरकत राहतो. त्याच्यावरचा अन्याय तलाठ्यावरच्या अन्यायाहून लहान नाही. उगम एकच, सगळ्यांना एक पडदा.

विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यामुळे अनेक कार्यालयांत आणि दुकानांत विंडोज 11 येते आहे, तेव्हा चार गोष्टी हाताशी असू द्या. टास्कबारच्या सेटिंगमध्ये चित्रे पुन्हा डावीकडे नेता येतात. तिथेच खिडक्या कधीही एकत्र न करण्याचा पर्याय आहे, त्याने प्रत्येक फाइलचे नाव वेगळे दिसते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘कॉम्पॅक्ट व्ह्यू’ निवडला की ओळींमधली बोटासाठी सोडलेली जागा जाते. आणि ॲक्सेसिबिलिटीतल्या ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’मध्ये स्क्रोलपट्टी कायम दिसत राहील अशी सोय आहे, लांबलचक यादीत आपण कुठे आहोत हे तिच्यावाचून कळत नाही. चारही पर्याय कंपनीने दिले आहेत, फक्त मुळात बंद ठेवले आहेत.

पुढच्या आठवड्यात : मराठी कीबोर्ड, रेमिंग्टनपासून इनस्क्रिप्टपर्यंत.