व्यासंग : अभ्यास संपल्यावरही चालू राहणारा

एखाद्या विषयाचा दीर्घकाळ, स्वतःच्या ओढीने आणि खंड न पडू देता केलेला अभ्यास म्हणजे व्यासंग. शब्द संस्कृतातला. ‘वि’ आणि ‘आ’ हे उपसर्ग लागलेल्या ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणे या धातूपासून तो बनला. संग, प्रसंग, आसक्ती ही याच धातूची भावंडे. संस्कृतात त्याला अतिआसक्तीची, लक्ष दुसरीकडे ओढले जाण्याचीही छटा आहे. मराठीने ती सोडून ज्ञानाची आस तेवढी ठेवली. ‘व्यसन’ हा शब्द कानाला जवळचा वाटतो, पण त्याचा धातू वेगळा.

मेहनत अंगाची असते, चिकाटी कोणत्याही कामात दिसते, अभ्यास परीक्षेपुरताही होतो. व्यासंगाला मात्र विषय लागतो आणि वर्षे लागतात. म्हणून तो षष्ठीसह येतो : संतवाङ्मयाचा व्यासंग, नाणेशास्त्राचा व्यासंग. तो करतात, वाढवतात, जोपासतात. फार मोठा असला की ‘दांडगा’ म्हणतात. असा माणूस व्यासंगी.

या शब्दाला शोभणारे उदाहरण ठाण्यात घडले. विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) यांचा व्यवसाय मिठाचा. पण विशीत असतानाच, १८९३ साली, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय उभे करण्यात त्यांनी पुढाकार घेतला, आणि जुनी हस्तलिखिते मिळवणे, वाचणे, छापणे हा क्रम पुढे आयुष्यभर ठेवला. त्यातून ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास सिद्ध झाला. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावरही काम थांबले नाही. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. त्यांचा उलगडा होऊ लागला तसा भाव्यांनी तो मजकूर आपल्या इतिहासात आणला, जुने लिखाण वाढवले. लिहून झालेल्या ग्रंथाकडे असे पुन्हा वळणे, हीच व्यासंगाची खरी खूण. त्यांच्या पश्चात शं. गो. तुळपुळे यांनी या ग्रंथाला पुरवणी जोडली, तीही त्याच जातीची.

सध्या मानपत्रांत ‘व्यासंगी व्यक्तिमत्त्व’ अशी मोघम जोडी सर्रास छापली जाते. विषय न सांगता व्यासंगी म्हणणे हे अर्धे वाक्य आहे. मानपत्र लिहिणाऱ्यांनी त्या माणसाचा विषय आधी विचारून घ्यावा आणि विशेषणाच्या शेजारी तो जरूर लिहावा.