गुरुत्वीय तरंग, आद्य विश्वातील

अवकाश-कालाच्या भूमितीत उद्‌भवून प्रकाशाच्या वेगाने पसरणाऱ्या क्षोभांना गुरुत्वीय तरंग म्हणतात. ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये त्यांचे भाकीत केले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो उपकरणांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेले तरंग प्रत्यक्ष नोंदले.

विश्वाच्या आरंभीच्या सु. ३,८०,००० वर्षांत द्रव्य आयनद्रायूरूप असल्याने प्रकाश मुक्तपणे प्रवास करू शकत नव्हता. त्यापूर्वीच्या घडामोडी म्हणूनच कोणत्याही दूरदर्शकातून दिसत नाहीत. गुरुत्वीय तरंगांना मात्र या आयनद्रायूचा अडथळा जवळजवळ होत नाही. उकळत्या पाण्यात वाफेचे बुडबुडे उठावेत, तसे विस्तारून थंड होणाऱ्या विश्वात नव्या प्रावस्थेचे बुडबुडे उठले असतील, तर त्यांच्या टकरींतून असे तरंग निर्माण झाले असावेत. मूलकणांच्या प्रचलित सिद्धांतानुसार ही स्थित्यंतरे सलग होतात व त्यांतून प्रबळ तरंग निघत नाहीत. त्यामुळे असे तरंग आढळल्यास ते अज्ञात कणांचे गमक ठरेल. विश्वातील एकूण ऊर्जेचा सु. चौथा हिस्सा असलेले कृष्णद्रव्य अशाच कणांचे बनलेले असणे शक्य आहे.

१ नॅनोहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाचे एक आवर्तन पूर्ण होण्यास सु. ३२ वर्षे लागतात. अशा तरंगांसाठी अतिशय नियमितपणे स्पंद पाठविणारे पल्सार तारे घड्याळांप्रमाणे वापरतात. तरंगांमुळे स्पंदांच्या आगमनवेळा किंचित बदलतात. हा बदल पल्सारांच्या जोडीतील कोनानुसार कसा जुळावा, हे रोनाल्ड हेलिंग्ज व जॉर्ज डाउन्स यांनी १९८३ मध्ये दाखविले.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेला, ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेनांचा महाकाय मीटर-तरंग रेडिओ दूरदर्शक (जीएमआरटी) या कामी उपयुक्त ठरला आहे. आंतरतारकीय इलेक्ट्रॉनांमुळे स्पंदांना होणारा विलंब कमी कंप्रतेला अधिक असतो. म्हणून या दूरदर्शकाच्या वेधांवरून तो विलंब अचूक मोजून वजा करता येतो. जून २०२३ मध्ये यूरोपीय व भारतीय गटांनी २५ पल्सारांच्या संयुक्त वेधांवरून नॅनोहर्ट्‌झ तरंगांच्या पार्श्वभूमीचा पुरावा प्रसिद्ध केला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीनमधील गटांचे निष्कर्षही त्याच वेळी प्रसिद्ध झाले. शोध निर्णायक मानण्यास लागणारी निश्चिती मात्र तेव्हा गाठली गेली नव्हती.

या तरंगांचा उगम दीर्घिकांच्या केंद्रांतील प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्यांत असावा, हे स्पष्टीकरण सर्वाधिक ग्राह्य मानले जाते. तथापि आद्य विश्वातील उगमही वगळला गेलेला नाही. कृष्णविवरे कारण असल्यास काही दिशांना तरंग अधिक तीव्र असतील. आद्य विश्व कारण असल्यास ते सर्व दिशांना जवळजवळ सारखे असतील. हा भेद स्पष्ट होण्यासाठी अधिक पल्सारांचे दीर्घकाळ अखंड वेध घ्यावे लागतील.