पायाला मुंग्या, आणि रोजचं चालणं

मधुमेह असलेल्या बऱ्याच बाया सांगतात, "रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात." काहींना जमिनीवर नव्हे, कापसावर चालल्यासारखं वाटतं. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. हे नुसतं वयाचं दुखणं समजू नका. या नसा बिघडल्याच्या खुणा असू शकतात.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसांना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्यांना इजा होते. कमरेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा सगळ्यात लांब, म्हणून त्रास आधी पायाच्या बोटांत सुरू होतो. पुढे पाय बधिर होतो. मग काटा रुततो, चटका बसतो, पण दुखत नाही. न दुखणारी जखम चिघळते आणि कधी पाय कापायची वेळ येते.

यावर चालण्याचा उपयोग होतो का? इटलीतल्या डॉक्टरांनी ते पाहिलं. मधुमेह होता पण नसा अजून बिघडल्या नव्हत्या, अशा ७८ जणांचा हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ३१ जण आठवड्याला चार तास झपाझप चालले, ४७ जणांनी तसा व्यायाम केला नाही. चार वर्षांनी न चालणाऱ्या ४७ पैकी १४ जणांच्या पायांची संवेदना बिघडली होती. चालणाऱ्या ३१ पैकी फक्त दोघांची. अभ्यास लहान होता, पण फरक मोठा दिसला.

असं का होतं? चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि पायांकडचा रक्तपुरवठा सुधारतो. ज्यांच्या नसा आधीच बिघडल्या आहेत, त्यांनाही व्यायामाने वेदना कमी झाल्याचा अनुभव आलेला आहे. मात्र गोळ्या-इन्सुलिन बंद करायचं नाही.

"दिवसभर घरात चालतेच की मी!" असं आपण म्हणतो. पण ओट्यापासून मोरीपर्यंतचं चालणं थांबत थांबत होतं. सलग चाला. बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग हवा. जेवणानंतर दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि हळूहळू अर्ध्या तासावर या, आठवड्यातून पाच दिवस.

पाय बधिर असतील तर एवढं सांभाळा:

अनवाणी चालू नका, अंगणात नाही आणि देवळाच्या वाटेवरही नाही. मऊ तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. बूट घालण्याआधी झटकून आत हात फिरवा. चालून आल्यावर तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा धरा, नाहीतर सुनेला, नातवाला दाखवा. फोड, जखम किंवा सूज दिसली तर चालणं थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी जाऊ नका, कमरेला साखरेची पुडी ठेवा. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि वर्षातून एकदा डॉक्टरांना म्हणा, "माझ्या पायांची संवेदना तपासा." नायलॉनच्या दोऱ्यासारखी काडी तळपायाला टेकवून ही तपासणी होते. दोन-चार मिनिटांचं काम आहे, दुखत नाही.

शेजारणीला बरोबर घ्या. दोघी असल्या की चालणं चुकत नाही.