गुडघेदुखीवर हळदीची कॅप्सूल : पुरावा किती, दावा किती?

वस्तीत बचत गटाच्या बैठकीला गेले की हल्ली एक बाटली हमखास दिसते. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, किंमत हजाराच्या पुढे. घेणाऱ्या बहुतेक जणी धुणीभांडी, झाडलोट किंवा बांधकामावर काम करणाऱ्या, चाळिशीतच गुडघे धरलेले. आणि विकणारा बाहेरचा कोणी नसतो. साखळी पद्धतीच्या विक्रीत ‘जोडला’ गेलेला आपलाच एखादा कार्यकर्ता असतो. एका मावशीला मी विचारले, एवढे पैसे का घातले? त्या म्हणाल्या, “पोरगा विहारात येतो, तो कशाला खोटं बोलंल?” बाटली सुरू झाल्यावर त्यांनी बीपीची गोळीही बंद केली होती, कारण हळदीने सगळेच बरे होते असे त्यांना सांगितले गेले होते.

त्या मुलाने खोटे सांगितले असे मला वाटत नाही. त्याने तपासले नव्हते. म्हणून हळदीबद्दल संशोधन नेमके काय सांगते, हे आपण समजून घेऊ.

संशोधनात काय आढळले?

हळदीतला ज्या घटकावर सर्वाधिक काम झाले तो म्हणजे कर्क्युमिन. थायलंडमध्ये गुडघ्याची झीज झालेल्या ३६७ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, दुसऱ्या गटाला रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन. चार आठवड्यांनी दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला आणि अर्क घेणाऱ्यांमध्ये पोटदुखीची तक्रार कमी होती. मात्र चार आठवडे हा फार थोडा काळ आहे. शिवाय या अभ्यासात प्लासिबो गट, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणारा गट नव्हता.

ऑस्ट्रेलियातील टास्मानियात ७० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात तो होता. २०२० साली त्याचे निष्कर्ष आले. १२ आठवड्यांनंतर १०० च्या मोजपट्टीवर अर्क घेणाऱ्यांच्या वेदना प्लासिबो गटापेक्षा सुमारे ९ अंकांनी जास्त कमी झाल्या. म्हणजे फरक पडला, पण माफक. एमआरआयमध्ये गुडघ्यातील सूज किंवा कूर्चा यांत फरक दिसला नाही. त्यामुळे ‘झिजलेला गुडघा भरून येतो’ या दाव्याला इथे आधार मिळत नाही.

दुसरी बाजूही आहे. २०१७ साली अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरील संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. हा घटक शरीरात टिकत नाही, रक्तात फार कमी पोहोचतो आणि कोणत्याही आजारावर त्याचा ठोस गुण सिद्ध झालेला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून आज प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते : गुडघ्याच्या झिजेच्या दुखण्यात काहींना थोडा, थोड्या काळापुरता आराम मिळू शकतो. मधुमेह, बीपी, कॅन्सर बरा होतो हे यातून निघत नाही.

‘हळदच तर आहे’

आमटीतली हळद आणि कॅप्सूल एक नव्हे. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते. चमचाभर हळदीत ते शंभर मिलिग्रॅमच्या आसपास भरेल. कॅप्सूलमध्ये याच्या कित्येक पट असते. शिवाय ते रक्तात उतरावे म्हणून अनेक उत्पादनांत मिऱ्यातील पिपरिन घालतात. हेच पिपरिन इतर काही औषधांचे रक्तातील प्रमाणही वाढवते, फिटवरील फेनिटॉइन हे त्याचे उदाहरण.

म्हणून ‘साइड इफेक्ट नाही’ हे खरे नाही. यकृताला सूज आल्याची प्रकरणे पुढे आल्यावर इटलीने २०१९ साली या उत्पादनांबाबत इशारा दिला. अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीशी जोडलेल्या यकृतविकाराच्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यातील एक दगावला. असे क्वचित घडते, पण कावीळ, गडद लघवी, सतत मळमळ दिसली तर कॅप्सूल थांबवून लगेच डॉक्टर गाठावा. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांनी आणि पित्ताशयात खडे असलेल्यांनी न विचारता घेऊच नये.

आठवडी बाजारातील बिनलेबलच्या पुड्या याहून धोक्याच्या. अशा ‘जडीबुटी’त स्टेरॉइड मिसळल्याचे वारंवार उघड झाले आहे. दोन-तीन दिवसांत दुखणे गायब, भूक वाढणे, चेहरा गोल होणे, साखर चढणे ही त्याची खूण. महिनोन्‌महिने घेतलेली अशी पुडी एकदम बंद करणेही घातक ठरू शकते. ती पुडी घेऊनच सरकारी दवाखान्यात जा.

जुने म्हणून खरे?

‘अमेरिकेनेही हळद मान्य केली’ हा मेसेज नेहमी फिरतो. घडले ते वेगळे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून आहे, एवढेच त्यातून सिद्ध झाले. गुडघेदुखीचा त्यात प्रश्नच नव्हता.

आपल्याला जवळचे उदाहरणही तपासू. विनयपिटकातील महावग्गात भिक्खूंना औषध म्हणून परवानगी दिलेल्या मुळांमध्ये हळद आहे. याचा अभिमान जरूर बाळगू. पण ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, हे कालाम सुत्त आपण भाषणात सांगतो. ते या बाटलीलाही लागू आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

कोणी उत्पादन आणले तर विचारा : अभ्यास माणसांवर झाला का? किती जणांवर, किती दिवस? तुलना कशाशी? आणि सांगणाऱ्याला त्यातून कमिशन मिळते का? १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने संधिवात, मधुमेह, कॅन्सर यांसारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी आहे. तसे पत्रक दिसले तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

गुडघ्याच्या झिजेवर मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन कमी करणे यांना भक्कम पुरावा आहे, आणि त्यासाठी बाटली लागत नाही. रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास महिलांसाठी असा व्यायाम सुरू करा. पहिल्यांदा शिकवायला एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलवा. आमच्या वस्तीतल्या त्या मावशींची बीपीची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. बाटली विकणाऱ्या त्या मुलालाच आता सतरंज्या टाकायला बोलवायचे ठरले आहे. लोकांचा त्याच्यावर विश्वास आहे, तो योग्य कामी यावा.