उतरताना गुडघ्यावर किती टन?

लेण्याद्रीच्या पायऱ्या २८३ सांगतात. मोजत चढणाऱ्यांचा आकडा दोन-चारनं इकडेतिकडे होतो, कारण मध्येच माकड प्रसादाच्या पिशवीवर झडप घालतं आणि मोजणी चुकते. अष्टविनायकांतला हा एकच गणपती डोंगरातल्या लेण्यात, त्यामुळे यात्रेची गाडी जुन्नर सोडून गोळेगावच्या दिशेला वळली की चर्चा पायऱ्यांचीच. ‘आईंना चढवेल का?’ हा प्रश्न हमखास. उतरवेल का, असं कुणी विचारत नाही. आणि खरं ओझं तर उतरताना आहे.

साठ किलोचं माणूस धरू. सपाट रस्त्यावर चालताना पावलागणिक गुडघ्याच्या सांध्यावर अंगाच्या वजनाच्या सुमारे २.६ पट दाब येतो. पायरी चढताना ३.१६ पट, उतरताना ३.४६ पट. म्हणजे चढताना दर पायरीला १९० किलो, उतरताना २०८. आता पायऱ्यांनी गुणा. वर जाताना सुमारे ५४ टन, खाली येताना जवळजवळ ५९. एका दर्शनाचे ११२ टनांच्या वर, दोन गुडघ्यांत वाटून प्रत्येकी ५६. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट २० किलोचं भरतं. त्या हिशेबानं एकेका गुडघ्यानं २,८०० क्रेटचा भार सोसला. हा भार एकदम येत नाही, पावलागणिक येतो आणि जातो, म्हणून माणूस खाली येऊन निवांत उसाचा रस पितो.

आकडे अंदाजपंचे नाहीत. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्याच्या आतच दाब मोजणारी यंत्रणा बसवली. तिला बॅटरी नाही. गुडघ्याभोवती गुंडाळलेल्या कॉइलमधून तिला वीज मिळते आणि मोजमापं रेडिओलहरींनी बाहेर येतात. पाच रुग्णांचे आकडे २०१० साली प्रसिद्ध झाले. ही माणसं चालली, खुर्चीत बसली, उठली, जिना चढली-उतरली. या रोजच्या हालचालींत सर्वांत जास्त दाब भरला तो जिना उतरताना. नुसतं एका पायावर उभं राहिलं तरी २.५९ पट! घरात चपला घालताना आपण सगळेच एवढं वजन पेलतो आणि पत्ताही लागत नाही.

साठाचे दोनशे होतात कसे? गुडघा वाकलेला असताना अंगाचं वजन त्याला आणखी वाकवायला बघतं. त्याला अडवतो मांडीचा पुढचा स्नायू. पण तो गुडघ्याच्या वाटीवरून सांध्याच्या आसापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवरून ओढतो. जवळून ओढायचं म्हणजे कितीतरी जास्त जोर लावावा लागतो, आणि तो सगळा जोर मांडीचं हाड नडगीच्या हाडावर दाबतो. वजनापेक्षा स्नायूच सांध्याला जास्त चेपतात. उतरताना भर असा, की वरच्या पायरीवरचा गुडघा हळूहळू वाकतो आणि स्नायूला ताणलं जात असतानाच जोर लावून धरावं लागतं. चढ छातीला तिथल्या तिथे कळतो; उतार कळतो दुसऱ्या दिवशी सकाळी, संडासात बसताना.

हे सगळं सोसणाऱ्या एका पायात हाडं किती? खुब्याच्या खाली ३०. मांडीचं एक, वाटी एक, नडगीची जोडी, आणि घोट्यापासून पुढे पावलात २६. दोन पावलांत मिळून ५२, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा जमिनीलगतच्या त्या वीतभर जागेत. या तिसांपैकी १४ एकट्या बोटांत आणि उरलेली १६ बाकी पायभर. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनाही ३०: १४ मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत दाटीनं आणि १६ तीन दिशांना पांगलेल्या. निव्वळ योगायोग, पण विज्ञान शिकवणाऱ्या इथल्या मास्तरांनी वापरावा असा.

हाडांपेक्षा मला अचंबा वाटतो तो त्यांच्या टोकांवरच्या कूर्चेचा. ५६ टन झेलणारी ही गादी बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाड. वाटीच्या मागे थोडी अधिक. तिच्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. सांध्यातलं वंगण चमचाभरसुद्धा नसतं. त्यातूनच ती पोसली जाते, पावलागणिक दाबली जाऊन आणि सुटून. तरी घसरण अशी, की बर्फावर बर्फ घासला तरी इतका गुळगुळीत सरकत नाही.

आणि ही गादी बदलून मिळत नाही. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला होता. तो अन्नातून प्रत्येकाच्या शरीरात शिरला, त्यामुळे कुठला ऊती-पदार्थ कोणत्या वर्षांत घडला ते ओळखता येऊ लागलं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हीच युक्ती वापरून २०१३ साली टाचेमागची जाड शीर आणि २०१६ साली गुडघ्याची कूर्चा तपासली. शिरेचा गाभा सतराव्या वर्षाच्या आसपास घडून थांबतो, कूर्चेतलं कोलॅजन वाढीचं वय सरलं की फिरून घडत नाही. थोडक्यात, सत्तरीच्या आजी लेण्याद्री उतरतात ती त्यांच्या लग्नाच्या वयातल्या गादीवर. त्या गादीनं मधल्या काळात काय काय केलं? आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. पाऊल ६० सेंटिमीटरचं धरलं तर चार लाखांवर पावलं, आणि साठ किलोच्या वारकऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या खात्यावर ६५,००० टन. एका वारीचे. कृत्रिम गुडघा विकायला काढण्याआधी प्रयोगशाळेत यंत्रावर ५० लाख वेळा चालवून बघतात. एकेका गुडघ्याच्या वाट्याला तेवढी पावलं चोवीस वाऱ्यांत येतात.

मोठ्या आकड्यांचं जुन्नर तालुक्याला तसंही वावडं नाही. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेण्यात, नागनिका राणीच्या लेखात, दोन हजार वर्षांपूर्वीची ब्राह्मी अंकचिन्हं आहेत. एका यज्ञाची दक्षिणा ११,००० गाई आणि १,००० घोडे. देशातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांत त्या चिन्हांची गणना होते. त्याच लेण्याच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज नावं वाचता येतात, पण पुतळ्यांचं पायांच्या खुणांपलीकडे फारसं उरलेलं नाही. कल्याण-सोपाऱ्याचा माल ज्यांनी या घाटातून पाठीवर वाहून आणला त्यांच्या ओझ्याचा हिशेब मात्र लेखात नाही.

पाय ओझं पेलतात तशी पायरीची खबरही वर पोचवतात. पायाच्या अंगठ्यापासून मेंदूच्या देठापर्यंत जाणारी संवेदना एकाच पेशीच्या धाग्यातून जाते. उंच माणसात ती पेशी दीड मीटरहून लांब असते आणि तिचं मूळ अंग मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढंही नसतं. निसरड्या पायरीची खबर सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगानं, म्हणजे ३० सहस्रांश सेकंदात वर पोचते.

पायऱ्यांहून जड ओझं उकिडवं बसण्यात आहे. शेजारच्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, आहुप्याकडे, भात लावणारी आणि हिरडा वेचणारी माणसं दिवसाचा मोठा भाग उकिडवी किंवा ओणवी असतात. १९७२ च्या एका अभ्यासात गुडघ्याच्या वाटीवरचा दाब काढला होता: सपाट चालताना अंगाच्या वजनाच्या निम्मा, जिन्यावर ३.३ पट, पूर्ण उकिडवं बसताना ७.६ पट. साठ किलोला ४५६ किलो, तळहाताहूनही लहान हाडावर. पायऱ्यांबद्दल यात्रेकरूंची हळहळ ऐकताना मला हा आकडा आठवतो.

मंचर-घोडेगावहून भीमाशंकरला गेलं की क्रम उलटा. तिथे देवळाकडे जायला आधी पायऱ्या उतरायच्या आणि दर्शन घेऊन चढायच्या. ताज्या पायांनी उतार, मग दम लागत चढ. गुडघ्याच्या बाजूनं बघितलं तर हीच सोय बरी. लेण्याद्रीला ती नाही, तेव्हा निदान हातातलं ओझं खाली ठेवावं. पाच किलोची पिशवी वर नेऊन परत आणली तर दोन्ही वाटांचे मिळून नऊ टन गुडघ्यांवर वाढतात. कठडा धरायला लाजू नये. हातानं जेवढे किलो कठड्यावर टाकाल त्याच्या तिपटीहून जास्त गुडघ्यावरून उतरतात.

ज्यांना उतरणं झेपत नाही त्यांच्यासाठी डोली असते. डोली आणि खुर्ची मिळून दहा किलो धरू, बसणारा साठ किलोचा, उचलणारे चौघे. एकेकाच्या खांद्यावर साडेसतरा किलो, ऐकायला हलकंच वाटतं. उतरताना ३.४६ नं गुणा: साठ किलो. प्रत्येक पायरीला चौघांपैकी प्रत्येकाच्या गुडघ्यावर, त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दाबावर आणखी, डोलीतला अख्खा माणूस.