लाव्हाच्या पायऱ्यांवरून सूर्योदय

मैत्रिणींनो, ज्वालामुखीवर चढून सूर्योदय पाहायचा म्हटलं, की डोळ्यांपुढे येतो तो इंडोनेशियातला ब्रोमो. पहाटेचा काळोख, पुढे वाटाड्या आणि डोंगराच्या तोंडातून निघणारा धूर! आपल्या देशातला जागृत ज्वालामुखी अंदमानात, बॅरन बेटावर. तोही बोटीतून लांबूनच पाहायचा. मग पिंपरी-चिंचवडच्या बाईनं काय करावं? तिनं आपला देहूरोडपुढचा घोराडेश्वर चढावा!

"हा कुठला आलाय ज्वालामुखी?" असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. हा डोंगर स्वतः कधी पेटला नाही. पण त्याचा कणन्‌कण लाव्हारसाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि तापलेला रस बाहेर येऊन सपाटीवर पसरला. तो थिजला, त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. आज उरलेला हा पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. पुढे पावसानं आणि नद्यांनी तो कोरला आणि मधे जे उरलं ते आपले डोंगर. म्हणून तर सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. शास्त्रज्ञ या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो स्वीडिश शब्द आहे आणि त्याचा अर्थच मुळी पायरी!

एवढं लांब तरी कशाला जायचं? आपला पाटा-वरवंटा आणि आजीचं जातं याच काळ्या दगडाचं. घट्ट आणि चिवट दगड, म्हणून वर्षानुवर्षं वाटण झेलतो. त्याला अधूनमधून टाकी लावून घेतली, की झालं.

वर काय पाहाल?

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. त्यातल्याच एका लेण्यात आज महादेव आहे. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला इथे गर्दी असते. मला मात्र ओढ वाटते ती इथल्या शिलालेखाची. धेनुकाकट इथे राहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं, सिअगुतणिकेनं, आपला मुलगा नंद याच्यासह लेणं दान दिल्याची त्यात नोंद आहे. पाहा बरं, राणी नाही, सावकारीण नाही. शेतकऱ्याच्या घरातली बाई! तिचं नाव या लाव्हारसाच्या दगडावर अजून टिकून आहे.

उजाडू लागलं की एका अंगाला पवनेचं खोरं आणि द्रुतगती मार्गावरचे दिवे, तर दुसऱ्या अंगाला देहू-तळेगावची वस्ती हळूहळू उलगडते. कारखान्यांच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या आपल्या गावाला क्षितिज आहे, हे इथे उभं राहिल्यावर कळतं.

जाताना एवढं पाहा

थंडीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सावकाश चढलं तरी पाऊण तास पुरे, तेव्हा सहाच्या आत पायथ्याशी असावं. अंधारात एकट्या-दुकट्या जाऊ नका. आमच्या सोसायटीतल्या दहाजणी गेलो तेव्हा वाट माहीत असलेला गिर्यारोहक पुढे आणि एक अनुभवी मुलगी सर्वांत मागे होती. मधे कुणी मागे पडली तर सगळ्याच थांबायच्या, हा नियम. पैसे घेऊन नेणारी संस्था असेल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार तिनं पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का, ते निःसंकोच विचारा. प्रथमोपचाराची पेटी बरोबर आहे का, हेही विचारा.

चपला नकोत, खाचा असलेल्या तळव्याचे बूट हवेत. हातात काही न धरता पाठीवर पिशवी घ्या. आदल्या रात्री दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या करून ठेवा. गूळ-शेंगदाणे आणि माणशी लिटरभर पाणी असू द्या. लेण्यांच्या कड्यांना आग्यामोहोळं असतात, म्हणून अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा. गुडघेदुखी, दमा किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पावसाळ्यात हाच दगड शेवाळानं निसरडा होतो. पहिल्यांदा जाणारणीनं थंडीच निवडावी.

आणि घराचं काय?

खरी चढण तिथेच आहे, नाही का? यांची तिसरी पाळी, मुलांचे डबे, पाणी येण्याची वेळ. आमच्यातल्या एका काकूंनी लग्नाला तीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा घरच्यांना सांगितलं, "उद्या चहा तुमचा तुम्ही करा." काही अडलं नाही. चहा थोडा उकळून सांडला, इतकंच! वरून उतरताना त्या मला म्हणाल्या, "अगं, एवढ्या वर्षांत उगवता सूर्य मी स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच पाहिला होता."

तेव्हा मैत्रिणींनो, एखादा रविवार ठरवा, चार शेजारणींना विचारा आणि घरी दोन दिवस आधीच सांगून ठेवा. परवानगी मागू नका, नुसतं सांगा. साडेनऊपर्यंत तुम्ही घरी परत असाल.